जॉन स्टॉकटनची कारकीर्द: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१९ हंगाम, एकच संघ, विजेतेपद शून्य, आणि दोन विक्रम असे की त्यांच्या आसपास कोणी फिरकत नाही. नव्याने एनबीए, म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग, बघायला लागलेल्यांना जॉन स्टॉकटन हे नाव बहुधा विक्रमांच्या तक्त्यात भेटतं आणि मग प्रश्न सुरू होतात. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, काही एका ओळीत आटोपली आहेत. ज्याचं जेवढं, तेवढं.

थोडक्यात, हा माणूस कोण?

युटा जॅझचा पॉइंट गार्ड. जन्म २६ मार्च १९६२, अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेन शहरात. उंची ६ फूट १ इंच, म्हणजे रस्त्यात उंच आणि एनबीएत बुटका. १९८४ ते २००३ या काळात जॅझकडून १,५०४ सामने, १९,७११ गुण, १५,८०६ असिस्ट, ३,२६५ स्टील (समोरच्याकडून हिसकावलेले चेंडू). शेवटचे दोन आकडे एनबीएच्या इतिहासात सर्वाधिक आहेत. १० वेळा ऑल-स्टार (निवडक खेळाडूंच्या वार्षिक सामन्यासाठी निवड), १९९२ आणि १९९६ च्या ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक, २००९ मध्ये हॉल ऑफ फेम, म्हणजे बास्केटबॉलमधल्या थोरांच्या सन्मानयादीत समावेश. १९९६ ची सर्वोत्तम ५० खेळाडूंची यादी आणि २०२१ ची ७५ व्या वर्षाची यादी, दोन्हींत नाव.

पॉइंट गार्ड करतो काय? आणि असिस्ट कशाला म्हणायचं?

चेंडू आपल्या टोकाकडून पुढे आणायचा, कुठली चाल खेळायची ते ठरवायचं, आणि चेंडू योग्य माणसाच्या हातात योग्य क्षणी द्यायचा, हे पॉइंट गार्डचं काम. पास मिळालेल्या खेळाडूने त्या पासच्या जोरावर लगेच बास्केट केली की पास देणाऱ्याच्या नावावर असिस्ट लागतो.

इथे एक मेख आहे. पास कितीही सुरेख असो, समोरच्याचा नेम चुकला तर असिस्ट नाही. म्हणजे स्टॉकटनच्या नावावरचा सर्वात मोठा आकडा पूर्ण करणारे हात कायम दुसऱ्याचे होते. त्याची कारकीर्द समजून घ्यायची असेल तर ही गोष्ट डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

१५,८०६ हा आकडा एवढा मोठा का मानतात?

सोपा हिशोब करू. एखादा खेळाडू पहिल्या दिवसापासून दर सामन्यात १० असिस्ट देतो, वर्षाचे सगळे ८२ सामने खेळतो, आणि असं सलग १९ वर्षं करतो. त्याचे होतील १५,५८०. तरीही तो २२६ ने मागेच.

स्टॉकटनने हे कसं जमवलं, तर मधल्या वर्षांत तो १० वर थांबलाच नाही. १९८७-८८ मध्ये १,१२८ असिस्ट देऊन त्याने आयझाया थॉमसचा एका हंगामाचा १,१२३ चा विक्रम मोडला. १९८९-९० मध्ये सरासरी होती १४.५. पुढच्या वर्षी एकूण १,१६४. हे दोन्ही विक्रम अजून त्याचेच आहेत. एनबीएच्या इतिहासात एका हंगामात १,००० असिस्ट ओलांडण्याची करामत फक्त ९ वेळा झाली आहे. त्यातल्या ७ वेळा स्टॉकटन, एकदा थॉमस, एकदा केव्हिन पोर्टर. १९९४-९५ नंतर एकदाही नाही. लीगमध्ये सर्वाधिक सरासरीचा मान त्याने सलग ९ वर्षं राखला, आणि त्यासाठी बॉब कूझीचा सलग ८ वर्षांचा विक्रम मागे टाकला.

मॅजिक जॉन्सनच्या ९,९२१ असिस्टच्या पुढे तो १ फेब्रुवारी १९९५ रोजी गेला. मॅजिक नंतर १९९६ मध्ये थोडे दिवस परत आला आणि १०,१४१ वर थांबला. तोवर स्टॉकटन पार पुढे निघून गेला होता.

हा विक्रम मोडेल का?

मला वाटत नाही. दुसऱ्या क्रमांकावर क्रिस पॉल आणि तिसऱ्यावर जेसन किड आहे. किडचे १२,०९१. पॉलने कारकीर्दीची दोन दशकं खर्ची घातली, तरी अंतर तीन हजारांहून जास्तच राहिलं. आज दमदार खेळाडूंना विश्रांती म्हणून अधूनमधून सामने बाहेर बसवतात. फक्त हजेरीच्या बाजूनेही गणित जुळत नाही.

युटाचे गुणलेखक घरच्या मैदानावर सढळ हाताने असिस्ट वाटायचे, हे खरं का?

ही कुरकुर जुनी आहे आणि तिच्यात अगदीच तथ्य नाही असं म्हणता येणार नाही. पासनंतर खेळाडूने दोनदा चेंडू टप्पा दिला, वळला आणि मग बास्केट केली, तर तो असिस्ट का? हे गुणलेखकाच्या नजरेवर असतं आणि नजर घरच्या माणसाकडे झुकते. हे सगळ्याच शहरांत चालायचं. पण तीन हजारांचं अंतर काही गुणलेखकाच्या पेन्सिलीतून येत नाही. शिवाय स्टीलचं काय? चेंडू हिसकावला की हिसकावला, तिथे सढळ हाताला फारसा वाव नाही. आणि तिथेही तोच पहिला.

कॉलेजात तो गाजलेला होता का?

नाही. गोन्झागा विद्यापीठ त्याच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. वडील स्पोकेनमध्येच भागीदारीत एक बार चालवायचे. त्या काळच्या गोन्झागाला देशात कोणी विचारत नव्हतं. आज ज्या एनसीएए स्पर्धेत (कॉलेज संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेत) हे विद्यापीठ दरवर्षी दिसतं, तिथे ते पहिल्यांदा पोचलं १९९५ मध्ये, स्टॉकटन बाहेर पडल्यावर ११ वर्षांनी. शेवटच्या वर्षी त्याची सरासरी २०.९ गुण आणि ७.२ असिस्ट होती. तरी त्याचे सामने बघायला जाणारे निवडसमितीचे लोक मोजकेच असणार.

१९८४ च्या ऑलिम्पिक संघासाठी प्रशिक्षक बॉबी नाइटने ब्लूमिंग्टनला चाचणी शिबिर घेतलं, त्यात त्याला बोलावणं आलं. संघात जागा मिळाली नाही. पण त्याच शिबिरात लुइझियानातला एक धिप्पाड पोरगा आला होता. त्यालाही घरी पाठवलं. त्याचं नाव कार्ल मेलोन.

ड्राफ्टमध्ये कितवा?

१६ वा. ड्राफ्ट म्हणजे एनबीए संघांनी नव्या खेळाडूंची पाळीपाळीने केलेली निवड. साल १९८४. त्याच ड्राफ्टमध्ये हकीम ओलाजुवान पहिला, मायकेल जॉर्डन तिसरा आणि चार्ल्स बार्कली पाचवा. पुढच्या वर्षी जॅझने १३ व्या क्रमांकावर मेलोनला उचललं. दोन वर्षांत दोन मधल्या क्रमांकांच्या निवडी, आणि त्यावर या संघाची पुढची १८ वर्षं निघाली.

पहिल्या दिवसापासून तोच मुख्य पॉइंट गार्ड होता?

अजिबात नाही, आणि ही बाब लोक विसरतात. रिकी ग्रीन तेव्हा जॅझचा पॉइंट गार्ड होता, नुकताच ऑल-स्टार झालेला. स्टॉकटनने पहिली तीन वर्षं बहुतेक बाकावरून उठूनच खेळ केला. चौथ्या हंगामात, १९८७-८८ मध्ये, तो कायमचा सुरुवातीच्या पाचांत आला आणि आल्या आल्या लीगचा विक्रम मोडला. त्याच वर्षी प्लेऑफमध्ये (हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांत) लॉस एंजेलिस लेकर्सविरुद्धच्या मालिकेतल्या एका सामन्यात त्याने २४ असिस्ट दिले आणि मॅजिकच्या प्लेऑफ विक्रमाची बरोबरी केली, समोर मॅजिक खेळत असताना. मालिका सात सामन्यांपर्यंत ताणली गेली. जॅझ हरले, पण स्टॉकटन कोण हे विचारणं तिथे थांबलं.

‘स्टॉकटन टू मेलोन’ म्हणजे काय प्रकार होता?

जॅझचा समालोचक हॉट रॉड हंडली हे शब्द इतक्यांदा उच्चारायचा की ते दोन माणसांचं एक नाव होऊन बसलं. चाल एकच, पिक अँड रोल. शाळेच्या संघालाही शिकवतात ती.

जुन्या चित्रफिती सावकाश लावून बघा. स्टॉकटन चेंडू टप्पा देत बाजूला येतो. मेलोन धावत येऊन स्टॉकटनच्या राखणदाराच्या वाटेत आडोसा धरून उभा राहतो. स्टॉकटन त्या आडोशाला इतका चिकटून जातो की त्याचा खांदा मेलोनच्या कमरेला घासतो. मध्ये राखणदाराला शिरायला फट उरत नाही. आता समोरच्या संघाचे दोन राखणदार आणि एक निर्णय. दोघंही स्टॉकटनवर तुटून पडले, तर मेलोन पाठ फिरवून बास्केटकडे सुटतो. मेलोनचा राखणदार मागे थांबला, तर स्टॉकटन स्वतः उडी मारून शॉट घेतो. कारकीर्दीत त्याचे ५१.५ टक्के शॉट आत गेले आहेत. गार्डसाठी हे फारच झालं. तिसरा राखणदार मदतीला धावला, तर त्याने सोडलेला माणूस कोपऱ्यात मोकळा. १९९४ पासून तो माणूस बऱ्याचदा जेफ हॉर्नासेक असायचा, आणि त्याला मोकळं सोडणं म्हणजे गुण हातात देणं.

बघण्यासारखी खरी गोष्ट पासची आहे. बहुतेक खेळाडू पास देण्याआधी चेंडू दोन्ही हातांत घेतात. तेवढ्या क्षणात राखणदाराला कळतं. स्टॉकटन टप्पा खाऊन वर येणारा चेंडू एका हाताने तसाच पुढे ढकलायचा. दोन राखणदारांच्या मधून, जमिनीवर एक टप्पा, आणि चेंडू मेलोनच्या धावण्याच्या वाटेत कमरेइतका वर. मेलोनला हात लांबवावा लागत नाही, पाऊल मोडावं लागत नाही. पाठीमागून फिरवलेला पास नाही, नजर चुकवायचं नाटक नाही. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, यात काय विशेष? दहाव्यांदा बघितल्यावर कळतं की चेंडू दर वेळी त्याच उंचीवर आला आहे.

समोरच्यांना चाल माहीत होती, प्रशिक्षकांना माहीत होती, प्रेक्षकांना माहीत होती. जेरी स्लोन डिसेंबर १९८८ मध्ये प्रशिक्षक झाला आणि त्याने ती बदलायच्या भानगडीत न पडता घोटून घेतली.

मग मेलोन नसता तर स्टॉकटन एवढा मोठा झाला असता का?

हा प्रश्न उलटाही विचारतात, म्हणून दोन्हींचं उत्तर इथेच देतो. मेलोनचे ३६,९२८ गुण आहेत, त्याच्या पुढे फक्त लेब्रॉन जेम्स आणि करीम अब्दुल-जब्बार. असा माणूस पास घ्यायला उभा असेल तर असिस्ट वाढणारच. पण मेलोन लीगमध्ये आला तेव्हा त्याला लांबून शॉट मारता येत नव्हता आणि फ्री थ्रो तर बघवत नव्हते. तो मेहनतीने घडला, आणि घडत असताना त्याला चेंडू नेमका हवा तिथे मिळत राहिला. १९९३ च्या ऑल-स्टार सामन्यात, सॉल्ट लेक सिटीच्या घरच्या प्रेक्षकांसमोर, सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार दोघांना मिळून दिला गेला. मेलोनचे २८ गुण, स्टॉकटनचे १५ असिस्ट. परीक्षकांनाही फोड करता आली नाही, तर मी कशाला करू?

एवढं मात्र नोंदवतो. २००३ मध्ये दोघंही गेले आणि पुढच्याच हंगामात जॅझ प्लेऑफबाहेर राहिले. स्टॉकटनच्या १९ हंगामांत असं एकदाही झालं नव्हतं.

१९ वर्षांत फक्त २२ सामने चुकले, हे खरं?

खरं आहे, हिशोब करून बघा. १८ पूर्ण हंगाम गुणिले ८२, म्हणजे १,४७६. त्यात १९९९ चा, संघमालक आणि खेळाडूंच्या वादातल्या टाळेबंदीने कापलेला ५० सामन्यांचा हंगाम मिळवा: १,५२६. तो खेळला १,५०४. उरले २२. त्यातले ४ सामने १९८९-९० मधले आणि १८ सामने १९९७-९८ च्या सुरुवातीचे, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे. बाकी १७ हंगामांत एकही सामना चुकलेला नाही. शेवटच्या हंगामात तो ४१ वर्षांचा झाला, आणि तेव्हाही ८२ पैकी ८२.

असिस्टपेक्षा मला हाच आकडा जास्त चक्रावून टाकतो. १७५ पौंडांचा माणूस, रोज आपल्यापेक्षा फूटभर उंच लोकांच्या वाटेत आडोसा धरायला जाणारा.

तो धसमुसळा, ‘घाणेरडा’ खेळायचा असं म्हणतात. त्यात किती तथ्य?

बरंच. चेहरा हिशोबनिसाचा, पण कोपर-गुडघे बरोबर लागायचे. लहान चणीचा गार्ड आडोसा धरायला आला की मोठे खेळाडू गाफील असत, आणि स्टॉकटन बरगडीत शिरायचा. जर्सी पकडणं, पंचाची पाठ असताना हात अडकवणं, सगळं यायचं. प्रतिस्पर्धी वैतागायचे आणि त्याच दमात आदरही ठेवायचे. तो कधी उलट बोलायचा नाही, यानेच ते जास्त भडकत असावेत.

स्टीलच्या बाबतीत मात्र चलाखी हातापेक्षा पायांत होती. समोरचा पास कुठे देणार हे ताडून तो आधीच त्या रेषेत सरकलेला असायचा. मॉरिस चीक्सचा २,३१० चा विक्रम त्याने फेब्रुवारी १९९६ मध्ये मोडला आणि पुढे ९५५ जास्त जमवले.

ड्रीम टीममध्ये आयझाया थॉमसची जागा त्याने घेतली का?

हे प्रकरण अजून धुमसतं. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकसाठी पहिल्यांदाच एनबीएचे खेळाडू असलेला अमेरिकी संघ निवडला गेला, तीच ‘ड्रीम टीम’. त्यात मॅजिकच्या जोडीला दुसरा पॉइंट गार्ड म्हणून स्टॉकटन आला आणि दोन विजेतेपदं मिळवलेला थॉमस बाहेर राहिला, तेही संघाचा प्रशिक्षक चक डेली हा थॉमसचाच डेट्रॉइटमधला प्रशिक्षक असताना. थॉमसशी अनेकांचं, विशेषतः जॉर्डनचं, पटत नव्हतं हे उघड गुपित होतं. स्टॉकटनने कुणाची जागा हिसकावली नाही. तो त्या वेळी लागोपाठ असिस्टमध्ये पहिला येत होता. पण थॉमसचं दुःखही खोटं नव्हतं.

संघ जाहीर झाल्यावर नोव्हेंबर १९९१ मध्ये डेट्रॉइट आणि युटा समोरासमोर आले. थॉमसने स्टॉकटनसमोर ४४ गुण ठोकले. बोलायचं ते बोलून झालं. डिसेंबरमध्ये सॉल्ट लेक सिटीत परतीचा सामना झाला तेव्हा बास्केटकडे घुसणाऱ्या थॉमसच्या भुवईवर मेलोनचं कोपर बसलं. ४० टाके पडले. मेलोनला एक सामन्याची बंदी आणि दंड झाला.

बार्सिलोनात त्याला कोणी ओळखलंच नाही, ती गोष्ट काय आहे?

आधी हे सांगायला हवं की ऑलिम्पिकच्या पात्रता स्पर्धेत कॅनडाविरुद्ध खेळताना तो जॉर्डनवर आपटला आणि त्याच्या पायाचं हाड मोडलं. त्यामुळे बार्सिलोनात तो चारच सामने खेळला. मग मोकळा वेळ होता. संघातले बाकीचे हॉटेलबाहेर पडले की गर्दी जमायची, स्टॉकटन मात्र बायको-मुलांना घेऊन, हातात व्हिडिओ कॅमेरा धरून ला राम्ब्लाच्या रस्त्यावर आरामात फिरत होता. ती चित्रफीत उपलब्ध आहे. त्यात तो ड्रीम टीमचा टी-शर्ट घातलेल्या एका बाईंशी गप्पा मारतो. टी-शर्टवर सगळ्या खेळाडूंची चित्रं. त्यात त्याचंही. बाईंना पत्ता नाही. त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद बघा. विक्रम मोडतानाही तो एवढा खूश दिसत नाही.

विजेतेपद का मिळालं नाही?

एका शब्दात उत्तर: जॉर्डन. पण तेवढ्यावर सोडणं बरोबर नाही.

आधीची बरीच वर्षं जॅझ पश्चिम विभागातच अडकले. विभागाच्या अंतिम फेरीत १९९२ ला पोर्टलंडने, १९९४ ला ह्यूस्टनने, १९९६ ला सिएटलने हरवलं. अखेर १९९७ आणि १९९८ ला ते एनबीएच्या अंतिम फेरीत पोचले. दोन्ही वेळा समोर जॉर्डनचा शिकागो बुल्स, दोन्ही वेळा मालिका ४-२ ने गेली.

१९९७ चा चौथा सामना जॅझने ७८-७३ असा जिंकला. शेवटच्या मिनिटात स्टॉकटनने आपल्या टोकाकडून धावत्या मेलोनला कोर्टभर लांब पास फेकला. मेलोनच्या मागे जॉर्डन धावत होता. पास थोडा आखूड पडता तर सामना गेला असता. मेलोनने चेंडू झेलून बास्केट केली आणि आघाडी मिळाली. माझ्या मते तो त्याचा सर्वात धाडसी पास.

मग सहावा सामना. गुण ८६-८६, काही सेकंद शिल्लक, चेंडू जॉर्डनकडे. स्टॉकटनकडे राखायला होता स्टीव्ह कर. तो करला सोडून जॉर्डनवर धावला. जॉर्डनने हे टाइमआउटमध्येच ओळखून करला तयार राहायला सांगितलं होतं. पास गेला, करने शॉट मारला, शिकागोने सामना ९०-८६ ने आणि विजेतेपद जिंकलं. दुसऱ्याचा पास ताडण्यात ज्याची हयात गेली, त्याच्या पाठीमागून तो पास गेला. चूक म्हणावी का? जॉर्डनला एकट्याला सोडून हरले असते, तर तीही चूकच ठरली असती.

१९९८ चा सहावा सामना जगाने पाहिला आहे, पण जॉर्डनच्या बाजूने. जॅझच्या बाजूने असा: ४१.९ सेकंद असताना स्टॉकटनने तीन गुणांचा शॉट मारून ८६-८३ केलं. जॉर्डनने दोन गुण घेतले, मेलोनच्या हातातला चेंडू मागून काढून घेतला, आणि ५.२ सेकंद असताना ८७-८६. अखेरचा शॉट पुन्हा स्टॉकटनकडे आला. तीन गुणांच्या रेषेवरून. रिंगला लागून बाहेर. त्याच सामन्यात हॉवर्ड आयस्लीचा तीन गुणांचा शॉट, शॉट घेण्याची ठरलेली वेळ संपल्याचं कारण देऊन, रद्द झाला, आणि चेंडू वेळेत हातातून सुटला होता हे चित्रणात दिसतं. तेव्हा पंचांना चित्रण बघून निर्णय बदलायची सोय नव्हती. युटातले लोक हे अजून सांगतात. स्टॉकटन स्वतः या विषयाचं रडगाणं गात बसला नाही.

तो एवढी तोकडी चड्डी का घालायचा?

१९८४ मध्ये सगळेच घालायचे. नव्वदच्या दशकात बाकीच्यांच्या चड्ड्या गुडघ्यापर्यंत आल्या, त्याची आली नाही. यात याहून खोल काही नाही.

निवृत्ती कधी आणि कशी घेतली?

३० एप्रिल २००३ रोजी सॅक्रामेंटोत जॅझ प्लेऑफच्या पहिल्या फेरीत बाद झाले. दोन दिवसांनी लेखी निवेदन आलं: थांबतोय. निरोपाचा दौरा नाही, भेटवस्तू नाहीत. मेलोन विजेतेपदाच्या शोधात लेकर्सकडे गेला आणि तिथेही अंतिम फेरीत हरला. जॅझने २२ नोव्हेंबर २००४ रोजी १२ क्रमांकाची जर्सी कायमची निवृत्त केली. सॉल्ट लेक सिटीत अरीनाबाहेर दोघांचे पुतळे आहेत आणि जवळच्या रस्त्यांना दोघांची नावंही. २००९ ला हॉल ऑफ फेममध्ये तो जॉर्डन, डेव्हिड रॉबिन्सन आणि जेरी स्लोन यांच्यासोबत गेला. जॉर्डनशी सुटका तिथेही नव्हती.

नंतर काय करतो?

स्पोकेनला परतला. पोरांना शिकवलं, काही काळ मोन्टाना स्टेट विद्यापीठाच्या महिला संघाचा साहाय्यक प्रशिक्षक होता. मुलगा डेव्हिड एनबीएत सॅक्रामेंटोकडून आणि थोडासा युटाकडूनही खेळला, मायकेल जर्मनीत.

दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण हल्ली प्रश्न तिच्याबद्दलच जास्त येतात. कोविडच्या काळात मास्कचा नियम पाळायला नकार दिल्यामुळे गोन्झागाने त्याची हंगामी तिकिटं स्थगित केली. ही बातमी जानेवारी २०२२ मध्ये आली. लशीमुळे अनेक खेळाडू मेले असा दावाही त्याने मुलाखतीत केला, ज्याला आधार नाही. कोर्टवर समोरचं अचूक वाचणारा माणूस इथे चुकला, असं माझं मत. त्याचे पास त्यामुळे वाकडे होत नाहीत आणि पासमुळे हा दावा सरळ होत नाही.

आजच्या एनबीएत तो चालला असता का?

अर्धं उत्तर सोपं आहे. आजचा सगळा खेळच पिक अँड रोलवर उभा आहे आणि त्याचे तीन गुणांचे ३८.४ टक्के शॉट आत जायचे, त्यामुळे त्याला जास्त मारायला लावलं असतं. राखणदाराला हाताने अडवायची मुभा २००४ नंतर कमी झाली, तीही त्याच्या पथ्यावर पडली असती. अर्धं उत्तर अवघड. २००१ पर्यंत एनबीएत झोन बचावाला (माणसाऐवजी जागा राखायला) बंदी होती, मदतीचा राखणदार बास्केटसमोर ठाण मांडून बसू शकत नव्हता. मेलोनसाठी जी वाट मोकळी असायची ती आज तेवढी मोकळी नसती. आणि बचावात त्याच्यावर सहा फूट आठ इंचांचे लोक मुद्दाम सोडले असते. तरी तो असिस्टमध्ये पहिल्या तिघांत असता, यावर मी पैज लावेन.

एकच सामना बघायचा असेल तर कुठला?

पासांसाठी बघायचा असेल तर १५ जानेवारी १९९१ चा सॅन अँटोनियोविरुद्धचा: २८ असिस्ट. एका सामन्यातला सर्वोच्च आकडा त्याचा नाही, तो स्कॉट स्काइल्सचा ३०, जेमतेम दोन आठवडे आधीचा.

पण मी २९ मे १९९७ चा सांगेन. ह्यूस्टन, पश्चिमेच्या अंतिम फेरीचा सहावा सामना, जॅझ चौथ्या सत्रात बरेच मागे. मग स्टॉकटन पास देणं थांबवतो आणि स्वतः बास्केटकडे घुसायला लागतो. त्याच्या ले-अपने (रिंगजवळून सोडलेल्या शॉटने) १००-१०० होतं. २.८ सेकंद शिल्लक, जॅझचा ब्रायन रसेल रेषेबाहेरून चेंडू टाकायला उभा. मेलोन ह्यूस्टनच्या क्लाइड ड्रेक्सलरला आडोसा कसला, चक्क मिठी मारतो. पंच बघत नाहीत. स्टॉकटन मोकळा. एक टप्पा, शॉट, बार्कली हात उंचावून उशिरा पोचतो. भोंगा वाजतो आणि चेंडू जाळीतून पडतो, १०३-१००. जॅझ पहिल्यांदाच अंतिम फेरीत. त्यानंतरचे पाच सेकंद चुकवू नका: १३ वर्षं विक्रम मोडून मान खाली घालून मागे फिरणारा माणूस दोन्ही हात वर करून लहान पोरासारखा उड्या मारतो आहे, आणि या वेळी धावत येऊन त्याला उचलणारे बाकीचे आहेत.